लेकराचा हात कोणी धरायचा

भिलाईच्या मजूर कॅम्पात पंचफुलेशी वाद घालून कोणी जिंकलं, असं कधी झालं नाही. ठेकेदाराचा मुकादम हरला, रॉकेलचा दुकानदार हरला, आणि नवरा जानराव तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी हात टेकून मोकळा झाला होता. बाई अंगानं काटकुळी, पण झोपड्यांच्या रांगेच्या या टोकाला बोलली की त्या टोकाची भांडणं थांबायची. गालांवर आणि कपाळावर देवीचे व्रण होते. कोणी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं की ती म्हणायची, "पाहून घ्या, फुकट हाय."

पोलादाचा कारखाना उभा राहत होता, ते दिवस. भंडाऱ्याकडून आलेली पंधरावीस बौद्ध घरं एका रांगेत राहत. पलीकडच्या बाजूला छत्तीसगढी मजुरांच्या झोपड्या होत्या. पंचफुला रेजा होती, म्हणजे बांधकामावर घमेली वाहणारी मजूरबाई. आधी भट्टीच्या पायाभरणीत गिट्टी, म्हणजे खडी, टाकली, मग सेक्टर दहाच्या क्वार्टरांसाठी विटा वाहिल्या. साहेबलोक त्या क्वार्टरांत राहायला आले तेव्हा ती जानरावला म्हणाली होती, "घर त्यायचं, पन पाया माह्या डोक्यावरून गेला." जानराव प्लँटमध्ये खलाशी होता, जड सामान साखळ्यांनी उचलणाऱ्या टोळीतला. माणूस सरळ. फक्त सभा दिसली की त्याला भाषण सुचायचं, आणि भाषणात दर चौथ्या वाक्याला 'विज्ञान' यायचं.

पंचफुला भाषण करत नसे. ती करून दाखवी. छपन्न साली दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हा गावात देव्हाऱ्यातले देव काढायचे कोणी यावर घराघरांत चुळबुळ चालली होती. देव नको हे सगळ्यांना पटलं होतं. हात लावायला मात्र कोणी धजेना. पंचफुलेनं घरातली मरीआई, खंडोबाचा टाक, सगळं टोपलीत भरलं, टोपली डोक्यावर घेतली आणि चुलबंद नदीच्या डोहात रिकामी केली. सासू रडत मागं आली होती. तिला म्हणाली, "आत्याबाई, पान्यात गेल्यावर ते बुडले ना? देव असते तं तरंगले असते." सासूनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

तेव्हा तिच्या कडेवर आनंद होता. पहिलं लेकरू, सव्वा-दीड वर्षाचा, हाताला येईल ते तोंडात घालणारा. त्याच थंडीत गावात देवी टोचणारा सरकारी माणूस आला. लोक त्याला देवी डॉक्टर म्हणायचे आणि तो वेशीत दिसला की पोरं घेऊन पळायचे. पंचफुला पळाली नाही. देवी काय असते ते तिला ठाऊक होतं. ती सहा वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या. ती वाचली, आणि शेजारी त्याच गोधडीवर झोपलेला पाठचा भाऊ गेला. आता अंगारा नाही, नवस नाही. आता दवा, असं म्हणत सगळ्या गावादेखत ती पुढं झाली. आनंद तडफडत होता. तिनं त्याचा दंड आपल्या हातानं घट्ट धरला आणि म्हणाली, "टोचा."

आठवडाभरानं आनंदचा हात खांद्यापर्यंत सुजला. मग लाल झाला, मग काळसर. ताप उतरेना. तालुक्याच्या दवाखान्यात नेण्यासाठी बैलगाडी जुंपली, आणि ती गाडी अर्ध्या वाटेवरून परत आणावी लागली.

सासू म्हणाली, मरीआईनं सूड उगवला. गावही तेच म्हणालं. जानराव म्हणाला, त्याला दुसराच कोणता तरी ताप असेल. पंचफुलेला दोन्ही पटेना. ज्या देवीला आपण डोक्यावरून नेऊन डोहात टाकलं, ती डोहातून उठून दीड वर्षाचं पोर उचलायला येते, हे तिला मरेपर्यंत पटलं नसतं. आणि दुसरा ताप कुठला? हात तर तिच्या डोळ्यांपुढं काळा पडला होता. मग उरली सुई. आणि सुई म्हटली की तो दंड धरणारा हातही आला. त्या हाताबद्दल ती कोणाशी बोलली नाही. बोलली ती सुईबद्दल.

भिलाईला आल्यावर शालू झाली. शालू दोन वर्षांची होईपर्यंत कॅम्पात टीकेवाले, म्हणजे देवी टोचणारे लोक, चारदा येऊन गेले, आणि चारही वेळा पंचफुलेची पोरगी त्यांना सापडली नाही. एकदा ती पोरीला मोठ्या टोपल्याखाली झाकून बसली होती. वरून टीकेवाल्यालाच म्हणाली, "पोरगी मामाच्या गावाले गेली." टोपल्याखालून शालू खुदकन हसली, तरी त्या बिचाऱ्यानं ऐकलं न ऐकलं केलं. त्यालाही पंचफुलेच्या तोंडी लागायचं नव्हतं.

जानराव चिडायचा. "मी तिकडे जयंतीच्या सभेत विज्ञान सांगून राहिलो, आन माह्याच घरी पोरगी झाकून ठेवता? आपन सुई नाकारली तं लोक काय म्हनतीन?"

"लोक काय म्हनतीन ह्यासाठी पोरगी देऊ काय? एक लेकरू देल्लं ना." मग ती थांबायची आणि म्हणायची, "टोचाची असन तं तुमी धरा तिचा हात. मी बाहीर उभी राहीन."

जानराव मग बाहेर निघून जायचा. साखळीला दहा टनाचं धूड लटकलेलं असताना त्याखालून न भिता जाणारा हा माणूस सुई पाहिली की डोळे मिटून घ्यायचा.

पंचफुला आनंदची गोष्ट नळावर सांगायची, विटा उतरवताना सांगायची, जेवणाच्या सुट्टीत सांगायची. तिच्याबरोबर घमेली वाहणारी रंभा तोंडात घास तसाच ठेवून ऐकायची. रंभा छत्तीसगढी, माहेर कुम्हारीचं, नवरा तेजराम चहाची टपरी चालवायचा. तिला लग्नानंतर सात वर्षांनी मुलगा झाला होता आणि त्याला ती जमिनीला टेकू देत नसे. पंचफुलेच्या गोष्टीचा परिणाम असा झाला, की टीकेवाले आले म्हणताच दोन्ही रांगांमधली पोरं गडप होऊ लागली. ती काही खोटं सांगत नव्हती, तिखटमीठही लावत नव्हती. गोष्ट खरी होती, हीच तर पंचाईत.

दुसरीकडं जुन्या देवांवरचा तिचा पहाराही तितकाच कडक. रांगेत कोणाच्या दारावर लिंबूमिरची किंवा निंबाचा डहाळा दिसला, कोणाच्या पोराच्या गळ्यात काळा दोरा दिसला, की ही विळी घेऊन हजर. शेजारच्या शकुबाईच्या नवऱ्यानं, चंपतनं, एकदा लपून नारळ फोडला होता, तर त्याला तिनं सगळ्या रांगेसमोर विचारलं, "नागपूरले काय जत्रा पाहाले गेल्ता?" चंपत महिनाभर तिच्या दारावरून मान खाली घालून जात होता.

चंपत गावाकडं एका लग्नाला जाऊन आला आणि तापानं पडला, तो होळीच्या मागचा-पुढचा सुमार. शकुबाई म्हणाली, हिवताप आहे. पंचफुला भांडखोर, पण शेजाऱ्याच्या दुखण्यात तिच्याइतकं कोणी धावत नसे. कामावरून आली की भाताची पेज घेऊन ती शकुबाईकडं जायची, शालू कडेवर. चंपत आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात तोंडावरून कांबळं घेऊन पडलेला असायचा. शालू त्याच्या पायाशी खेळायची. रंभाही एका संध्याकाळी लेकराला घेऊन डोकावली, चंपतसाठी बकरीचं दूध घेऊन.

तिसऱ्या संध्याकाळी चंपतनं पाणी मागितलं. शकुबाई चुलीजवळ होती, म्हणून पंचफुलेनं तांब्या घेतला आणि त्याच्या तोंडावरचं कांबळं सारलं.

ओळखायला तिला दिव्याची गरज पडली नाही. तसले फोड तिनं आपल्या अंगावर पाहिले होते, भावाच्या अंगावर पाहिले होते. पापण्यांवर, ओठांवर, तळहातांवर. तिनं तांब्या खाली ठेवला, त्याच्या पायाशी बसलेल्या शालूला उचललं आणि दारापर्यंत मागं सरकली.

"शकुबाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळंच शकुबाई घाबरली. "कधीपासून?"

"परवापासून दिसून राहिले, वैनी."

"मंग दारावर निंब कावून नाई लावला?"

शकुबाईनं पदर तोंडाला लावला. "तुमच्या भेवानं. तुमी म्हनाल, पुन्हा देवी पुजाले लागली."

पंचफुलेनं दाराच्या रिकाम्या चौकटीकडं पाहिलं. गावाकडं ज्या घरात देवी यायच्या, त्या घराच्या दारावर कडुनिंबाचा डहाळा खोवलेला असे. तो दिसला की भिकारीही उंबऱ्यावर पाय ठेवत नसे. घरात फोडणी नाही, पाहुणा नाही, लेकराबाळांचं येणं नाही. का, तर म्हणे देवी कोपते. देवी नाही म्हणून पंचफुलेनं निंब काढायला लावला. पण त्या डहाळ्याच्या मागं दुसरंही काही होतं. दारावरून जाणाऱ्याला तो सांगत होता, आत येऊ नकोस. ते सांगणंही तिनं देवीबरोबर डोहात टाकलं होतं. ज्या घरात निंब नाही त्या घरात देवी नाही, असं समजून सगळी रांग त्या घरात जाऊन आली होती, आणि सगळ्यांच्या पुढं ती स्वतः होती, पोरगी कडेवर घेऊन.

खबर द्यायला ती स्वतः गेली. ज्या टीकेवाल्यांपासून चार वेळा पोरगी लपवली, त्यांच्या तंबूपुढं जाऊन उभी राहिली. बरोबर आला एक टीकेवाला बाबू आणि एक नर्सबाई. नर्सबाईंचं नाव पद्मजाबाई. त्या दुर्गच्या, तीन पिढ्या तिथंच राहिलेल्या मराठी घरातल्या, बोलणं शाळेतल्या बाईंसारखं. त्यांनी चंपतला पाहिलं, शकुबाईला काय करायचं ते सांगितलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "या घरात जे जे आले, त्या सगळ्यांना आजच टोचायला हवं. लहान मुलं आधी."

रांग जमली होती, पण पुढं कोणी येईना. सगळ्यांची नजर पंचफुलेकडं. ती शालूला छातीशी धरून आपल्या दारात उभी होती.

"बाई, मले एकच सांगा," ती म्हणाली. "ह्या सुईनं लेकरू मरते का नाई?"

"अरे कुछ नहीं होता," टीकेवाला बाबू घाईघाईनं म्हणाला. "चींटी काटती है, बस."

पद्मजाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग पंचफुलेकडं. "मरतं," त्या म्हणाल्या. "फार क्वचित. लाखांत एखादं. पण मरतं."

बाबूनं कपाळाला हात लावला. मागच्या दोघीचौघी बायांनी पोरं उचललीसुद्धा.

"लाखात एक म्हनता," पंचफुला म्हणाली, "तो एक माह्याच घरचा होता ना." आणि तिनं आनंदची गोष्ट सांगितली. ही गोष्ट रांगेनं कितीदा ऐकली होती, पण आज तिनं एक जास्तीची ओळ सांगितली. "त्याचा हात म्या धरला होता. ह्या हातानं."

जानरावनं मान वर करून बायकोकडं पाहिलं. सहा वर्षांत हे वाक्य त्यानंही ऐकलं नव्हतं.

"जखमेवर काही लावलं होतं? राख, शेण, अंगारा?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"काही नाई. सासू लावाले आल्ती, म्या हात झटकला तिचा."

पद्मजाबाईंना तेव्हा काहीही सांगता आलं असतं आणि ते खपलंही असतं. त्या म्हणाल्या, "मग मला माहीत नाही. कदाचित टोचायचं हत्यार उकळलेलं नसेल. जखमेत घाण गेली असेल. बाळाच्या अंगात आधीचं काही दुखणं असेल, किंवा लसच त्याला सोसली नसेल. मी तिथं नव्हते. आता काही सांगितलं तर ते मनाचं होईल."

पंचफुला त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. आनंद का गेला, हे आजवर प्रत्येकाला ठाऊक होतं. सासूला ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं, जानरावला ठाऊक होतं, आणि सगळ्यांत पक्कं तिला स्वतःला ठाऊक होतं. माहीत नाही म्हणणारं माणूस तिला पहिल्यांदा भेटलं होतं. आणि गंमत अशी, की विश्वास बसावा असं आजवर कोणी बोललं असेल तर हेच.

"आन शालूचं?"

"ती त्या रोग्याजवळ बसली. न टोचता देवी आल्या तर तीनचार लेकरांमागं एक जातं. जे वाचतं त्याचे डोळे राहतीलच असं नाही. आज टोचलं तर बहुतेक वाचेल. उशीर झाला असेल तर टोचूनही येतील. खात्रीनं मी काही सांगू शकत नाही, बाई. फक्त दोन्हीकडचं भय तुमच्यापुढं ठेवते."

पंचफुला उंबऱ्यावर बसली. तीनचारांमागं एक, हा आकडा तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. लहानपणीची, देवीच्या साथीतली ती आळी तिच्या डोळ्यांपुढं आली. कोपऱ्यावरचं घर, तिथली जुळी. विहिरीजवळचं घर. स्वतःचं घर. त्या सगळ्या लेकरांसाठी ती कधी कुणाशी भांडली नव्हती. का नाही भांडली? देवीनं नेलं, म्हणून. देवीनं नेलं की कोणाच्या हातानं काही झालेलं नसतं. आई रडते, लोक रडतात, आणि कोणी कोणाला विचारत नाही. आनंद मात्र हातातून गेला. एका आनंदच्या आड तिनं सगळी आळी झाकून टाकली होती. टोपल्याखाली शालूला झाकायची तशी. भावाचा चेहरा तिला आज कितीतरी वर्षांनी आठवला.

न टोचता शालू गेली तर? तर पुन्हा म्हणता येईल, देवीनं नेलं. तिच्या हाताला काही लागणार नाही. तिला स्वतःची शिसारी आली. पोरीचा जीव पाहायचा की आपले हात कोरे ठेवायचे?

"उकळलेलं पाहिजे हत्यार," ती उठून म्हणाली.

"तुमच्याच चुलीवर उकळते. तुमच्याच भांड्यात. तुम्ही पाहा."

पाणी उकळेपर्यंत रांग तशीच उभी होती. बाबू दाराशी चुळबुळत होता, त्याला उशीर होत होता. पाणी खळखळ उकळलं, तरी पंचफुला म्हणाली, "अजून." पद्मजाबाईंनी अजून उकळू दिलं.

तेवढ्यात जानराव पुढं आला. चेहरा पांढराफटक पडलेला. "शालूची माय, मी धरतो. तू बाहीर उभी राह्य."

त्यानं डोळे आधीच मिटून घेतले होते. पंचफुलेला त्या घटकेलाही हसू आलं, आणि त्याच्याबद्दल माया दाटून आली. "सरका तिकडे," ती म्हणाली. "माह्या लेकराचा हात मीच धरीन."

तिनं शालूला मांडीवर घेतलं, दंड उघडा केला आणि घट्ट धरला. अगदी तसाच, जसा आनंदचा धरला होता. पद्मजाबाईंनी सुई दंडावर टेकवून फिरवली. शालूनं आकांत केला. पंचफुलेनं डोळे मिटले नाहीत.

त्यानंतर रांगेतली एकेक बाई पुढं आली. पंचफुलेनं गर्दीत मागं उभ्या असलेल्या रंभाला हाक मारली. रंभानं लेकराला पदरात आणखी आत ओढलं. "तहीं त कहे रहे दीदी," ती म्हणाली, "सुई लइका ल मार डारथे." तूच तर म्हणाली होतीस, सुई लेकराला मारते. पंचफुला तिच्याकडं जायला उठली, पण कडेवर शालू रडत होती. ती पोचेपर्यंत रंभा निघून गेली होती. संध्याकाळी टपरीवर तेजरामनं सांगितलं, बायको पोराला घेऊन कुम्हारीला माहेरी गेली.

त्याच संध्याकाळी रांगेनं आणखी एक नवल पाहिलं. पंचफुलेनं हौदाजवळच्या कडुनिंबाचा डहाळा मोडून आणला आणि आपल्या हातानं शकुबाईच्या दारावर खोवला. जानराव धावत आला. "अवं, हे काय करून राहिली? लोक काय म्हनतीन?"

"लोकायनं दुरूनच जावं म्हनून लावला. पुजाले नाई."

शालूचा हात सुजला. ताप चढला. पंचफुला कामावर गेली नाही. ती पोरीचा दंड हातात घेऊन उशाशी बसायची, सूज कुठवर आली ते बोटानं चाचपायची, आणि सूज खांद्यापर्यंत चढलेली नसली की श्वास सोडायची. पद्मजाबाई रोज येऊन पाहून जात. त्या काही आश्वासन देत नसत. "आज ठीक आहे," एवढंच म्हणत. पंचफुलेला त्या 'आज'चा मोठा आधार वाटायचा. फोड पिकला, सुकला, खपली धरली. अंगावर दुसरा फोड आला नाही. एका सकाळी खपली शालूच्या अंथरुणात गळून पडलेली सापडली, आणि शालू बाहेर कोंबडीच्या मागं धावत होती. पंचफुला ती खपली तळहातावर घेऊन बसली आणि हमसून हमसून रडली. रडली ती आनंदसाठी. त्याच्यासाठी इतकी वर्षं ती भांडतच आली होती, रडायला वेळच मिळाला नव्हता.

चंपत वाचला. एक डोळा गेला. रंभा दीड महिन्यानं परत आली, ती रिकाम्या पदरानं. कुम्हारीला गेल्यावर लेकराच्या अंगावर फोड उठले होते.

पंचफुला तिच्या दारात गेली आणि उभी राहिली. रंभा भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मुहाटी म लीम खोंचे रहितिस, त मैं भीतरी नइ जातेंव, दीदी." दारात निंब खोवलेला असता, तर मी आत गेलेच नसते. एवढं बोलून ती चूल सारवायला लागली. पंचफुलेनं शेणाची टोपली ओढली आणि तिच्या शेजारी बसून सारवू लागली. दोघींनी मिळून सगळी चूल सारवली, मग ओटा सारवला, मग अंगण.

त्यानंतरची पंचफुला कॅम्पातल्या पुष्कळांना आठवते. टीकेवाले आले की ती कामावर खाडा करून पद्मजाबाईंच्या पुढं चालायची. प्रत्येक दारात पहिलं वाक्य तेच: "माह्यं एक लेकरू टोचल्यावर गेलं." पद्मजाबाई सुरुवातीला हवालदिल झाल्या. "अहो, लोक घाबरतील ना!"

"घाबरू द्या. म्यायी घाबरली होती. पन तुमी मले खरं सांगतलं म्हनून म्या हात धरला. मंग ह्यायले खोटं सांगू काय?"

मग ती भावाचं सांगायची, चंपतचा डोळा दाखवायची, रंभाच्या लेकराचं सांगायची आणि तिथं तिचा आवाज नेहमी खाली यायचा. शेवटी शालूला पुढं ओढून तिच्या दंडावरचा व्रण दाखवायची. काही बाया तरी दार लावून घ्यायच्या. पंचफुला, जिला कोणी वादात हरवलं नव्हतं, ती त्या दारांपुढं वाद घालत नसे. "उद्या येतो," म्हणायची आणि उद्या जायची. ज्या आया तयार होत त्यांना ती एकच अट घालायची: हात आईनं धरायचा. शेजारणीनं नाही, सासूनं नाही. जे होईल ते आपल्या हातावर घ्यायचं, मग ते चांगलं असो की वाईट.

रंभाच्या दारात मात्र ती कधी टीकेवाल्यांना घेऊन गेली नाही. तिथं तिचा पाय उचलत नसे.

तीन वर्षांनी रंभाला मुलगी झाली. पुढच्या फेरीला पद्मजाबाई पंचफुलेच्या ओट्यावर हत्यार उकळत होत्या, तेव्हा रंभा आपणहून आली. लेकरू पदरात गुंडाळलेलं. रांगेतल्या बाया बाजूला झाल्या. रंभानं मुलीचा इवलासा दंड उघडा केला आणि पंचफुलेपुढं धरला.

"तैं धर, दीदी."

पंचफुलेनं नाही म्हणून मान हलवली. हात आईनंच धरायचा, ही अट तिचीच होती. पंचफुला तिच्याजवळ टेकली. तिनं रंभाचा हात घेऊन लेकराच्या दंडावर ठेवला, आणि वरून आपला हात ठेवून घट्ट धरला.

"टोचा, बाई," ती म्हणाली. "दोघींनी धरला हाय."